पुन्हा भरता येणारा पीएच इलेक्ट्रोड: डेअरीच्या लॅबमधला वापरानंतरचा अनुभव

आमच्या लॅबमध्ये पीएच, म्हणजे आंबटपणा, मोजायला आधी सीलबंद जेलचे इलेक्ट्रोड (प्रोब) असायचे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर काचेच्या बॉडीचा, डबल जंक्शनचा (जंक्शन म्हणजे आतलं द्रावण सॅम्पलला भेटतं ती सच्छिद्र जागा), आतलं द्रावण बदलता येणारा इलेक्ट्रोड घेतला. आता उन्हाळा लागला तरी तो रोज दूध, दही, ताक तपासतोय. माझं मत आधीच सांगते: जरूर घ्या, पण लॅबमध्ये त्याची निगा राखायला एक माणूस ठरलेला असेल तरच.

डेअरीत प्रोबचे शत्रू दोन, फॅट आणि केसीन (दुधातलं प्रथिन). टोकाच्या काचेच्या बल्बवर फॅटचा थर बसला की रीडिंग यायला उशीर लागतो. केसीन जंक्शनच्या बारीक छिद्रांत जाऊन बसलं की आकडा थांबतच नाही, सरकत राहतो. दह्याचा पीएच ४.६ च्या आसपास आला की आम्ही क्रेट थंड खोलीत हलवतो. तिथे आकडा चुकला तर अख्खी बॅच आंबट होते, म्हणून या सफाईबद्दल मी एवढी आग्रही आहे.

प्रत्येक सॅम्पलनंतर डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं आणि टिश्यूने फक्त टिपून घ्यायचं. पुसायचं नाही, घासल्याने काचेवर स्थिर विद्युतभार येतो आणि रीडिंग भरकटतं. काम संपलं की कोमट पाण्यात सौम्य डिटर्जंट घालून फॅट काढायचं. आठवड्यातून एकदा ०.१ एन हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये पेप्सिन हे पाचक एन्झाइम कालवून त्यात अर्धा तास बुडवून ठेवतो. पेप्सिन प्रथिनं अक्षरशः पचवतं. नंतर स्वच्छ धुऊन आतलं जुनं द्रावण काढून नवं भरतो. हा प्रोब घेण्याचं खरं कारण हेच. जेलच्या प्रोबमध्ये आतला इलेक्ट्रोलाइट संपला किंवा खराब झाला की प्रोबच बदलावा लागायचा.

आमच्या मॉडेलला भरायच्या, म्हणजे बाहेरच्या, कप्प्यात पोटॅशियम क्लोराइड या मिठाचं ३ मोलर द्रावण लागतं. ते लॅबमध्येच करतो: २२.४ ग्रॅम मीठ घेऊन पाण्याने १०० मिली करायचं. मोजताना भरायच्या छिद्राचं रबरी बूच उघडं हवं आणि आतल्या द्रावणाची पातळी सॅम्पलच्या वर हवी, नाहीतर दूधच जंक्शनमधून आत शिरतं. बुचाजवळ पांढरे खडे जमतात. ते मिठाचेच असतात, ओल्या टिश्यूने निघतात. रात्री प्रोब याच द्रावणात ठेवायचा. डिस्टिल्ड वॉटरच्या बीकरमध्ये उभा करून घरी जायची सवय अनेक लॅबमध्ये आहे. तिने आतलं मीठ पाझरून जातं, काचेवरचा ओला थरही बिघडतो, आणि दुसऱ्या दिवशी कॅलिब्रेशन करताना वेळ जातो.

प्रोबची तब्येत बघायला मी तो देतो त्या मिलिव्होल्टवर भरवसा ठेवते. २५ अंशांना पीएच ७ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) शून्याजवळ आणि ४ च्या बफरमध्ये साधारण १७७ मिलिव्होल्ट यायला हवेत. दोन्हींतला फरक रोज वहीत लिहितो. तो १७० च्या खाली घसरायला लागला की पेप्सिनची वेळ झाली असं समजायचं. सफाईनंतर आकडा पुन्हा वर चढताना बघितला की मेहनत कारणी लागल्यासारखं वाटतं. आज आमचा प्रोब १७३ वर आहे.

पावसाळ्याचा मुद्दा वेगळा लिहायला हवा. काचेच्या बल्बचा रोध इतका प्रचंड असतो की केबल मीटरला जोडणाऱ्या बीएनसी कनेक्टरमध्ये जरा ओल शिरली तरी सिग्नल गळतो. जुलैत रीडिंग उगाच ७ कडे ओढली जात होती आणि बफर बदलूनही फरक पडेना. कनेक्टर अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवला, तेव्हा सगळं जागेवर आलं. त्यानंतर मीटरजवळ सिलिका जेलची पुडी कायमची ठेवलीय. प्रोब बिघडला म्हणून टाकून देण्याआधी कनेक्टर नक्की तपासा.

तापमानाची भरपाई मीटर आपोआप करतो, पण ती फक्त इलेक्ट्रोडच्या स्लोपची (पीएचच्या एका अंकामागे बदलणाऱ्या मिलिव्होल्टची). गरम दुधाचा पीएच मुळातच थंड दुधापेक्षा वेगळा असतो, तो फरक मीटर मिटवत नाही. म्हणून सगळी सॅम्पल एकाच तापमानाला आणून तपासतो.

उणीव एकच, पण मोठी. चक्क्यासाठी हा प्रोब चालत नाही. गोल बल्ब घट्ट चक्क्यात नीट बसत नाही आणि सिरॅमिक जंक्शन लगेच बुजतं. श्रीखंडाच्या सीझनला भाल्यासारख्या टोकाचा, उघड्या जंक्शनचा वेगळा प्रोब लागतोच, आणि तो आम्ही पुढच्या खरेदीत मागवलाय.