तीन तारे, आणि त्यातले दोन एकाच बाईंचे

हे परीक्षण न्यू जर्सीतल्या एका वकिलांच्या ऑफिसचं. नाव लिहीत नाही. दुपारी टीव्हीवर यांची जाहिरात लागायची: "फायब्रॉइडचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालंय? नंतर कॅन्सर निघाला? फोन करा." ताईने ती पहिल्यांदा बघितली ती केमोच्या खुर्चीत बसून.

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी. त्यापायी तिची पिशवी २०११ मध्ये काढली. एवढ्याशा छिद्रातून अख्खं गर्भाशय बाहेर कसं येणार? म्हणून पॉवर मॉर्सेलेटर वापरला. नळीच्या टोकाला गरगर फिरणारं पातं असतं, ते आतल्या आत तुकडे करतं आणि ते तुकडे नळीतून ओढून काढतात. गाठीत लायोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूंचा एक कॅन्सर (सार्कोमाचाच प्रकार), दडलेला असला तर त्याचे कण पोटभर उडतात, आणि तो आहे की नाही हे ऑपरेशनआधी खात्रीने सांगणारी तपासणी नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, आकडा दिला: फायब्रॉइडसाठी अशी ऑपरेशनं होणाऱ्या साधारण ३५० बायकांमध्ये एकीला न कळलेला सार्कोमा असतो. ताईच्या संमतीपत्रात याबद्दल चकार शब्द नव्हता. सगळ्यात जास्त खपणारं यंत्र जॉन्सन अँड जॉन्सनच्या एथिकॉनचं. त्यांनी त्याच वर्षी जुलैत ते बाजारातून परत मागवलं. बॉस्टनच्या डॉ. एमी रीड यांचं ऑपरेशन २०१३ चं. त्या आणि त्यांचे पती, दोघंही डॉक्टर, या यंत्राविरुद्ध उभे राहिले म्हणून एवढा गाजावाजा झाला. २०१७ मध्ये त्या गेल्या. डॉक्टरीणबाईंची ही गत, तर आपलं काय, असं ताई म्हणायची.

आम्ही फोन केला २०१५ मध्ये. पलीकडचा मुलगा फॉर्म वाचत होता. "रुग्ण हयात आहे का?" ताईच बोलत होती. म्हणाली, "आहे. बोलतेय की." त्याने पुढच्या पानावर पुन्हा तेच विचारलं. याचा एक तारा तिथेच गेला.

मग फाइल एका पॅरालीगल, म्हणजे वकिलांच्या हाताखाली काम बघणाऱ्या, बाईंकडे आली आणि ऑफिस एकदम शहाणं झालं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि काढलेल्या गाठीचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक फेकू नका असं हॉस्पिटलला आजच लेखी कळवा. कॅन्सर कधी निघाला आणि त्याचा यंत्राशी संबंध असू शकतो हे कधी कळलं, या दोन तारखा त्यांनी वेगळ्या लिहून घेतल्या. इथे दाव्याची मुदत दोन वर्षांची, त्यामुळे ती कुठून मोजायची यावरच सगळं अडतं. यंत्र कोणाचं, हा तर खरा पेच. ऑपरेशनच्या टिपणात फक्त "मॉर्सेलेट करून काढलं" एवढं एक वाक्य होतं. कंपनीचं नाव नाही, आणि नाव नाही तर दावा कोणावर ठोकणार? बाईंनी नर्सिंगची नोंद वेगळी मागवायला लावली. त्यात एकदा वापरून फेकायच्या सामानाचं स्टिकर डकवलेलं होतं, कोपरा फाटलेलं, पण नंबर वाचता येत होता.

फी जिंकल्यावरच. खर्च आधी वजा, उरलेल्याचा तिसरा हिस्सा त्यांचा. हे आम्ही विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये देशभरच्या फेडरल कोर्टांतले हे दावे कॅन्ससच्या कोर्टाकडे सुनावणीपूर्व कामासाठी एकत्र पाठवले गेले. "कॅन्ससला आपलं कोण आहे?" ताईचा प्रश्न. बाईंनी समजावलं की दावे एका छपराखाली आले तरी प्रत्येकीचा दावा वेगळाच राहतो, सगळ्यांना मिळून एक रक्कम वाटत नाहीत. महिन्याभरात त्या नोकरी सोडून गेल्या. नंतर पाच आठवडे एकाही ईमेलला उत्तर नाही. सातव्या ईमेलला आलं, त्यातही ताईच्या आडनावात एक अक्षर कमी.

शेवटी तडजोड झाली. रक्कम सांगायची नाही अशी अट आहे, म्हणून सांगत नाही. ताई म्हणते चार तारे दे. ते पाच आठवडे ती औषधांच्या गुंगीत होती, इनबॉक्स मी उघडत होते. तीनच.