मिनी ट्रॅक्टर आणि पाच फुटी ब्लेड : आखाड्याच्या वाटेवरचा गाळ काढण्याचा तीन पावसाळ्यांचा अनुभव

डांबरी रस्त्यापासून आमच्या आखाड्यापर्यंतची, म्हणजे शेतातल्या घर-गोठ्यापर्यंतची, वाट साधारण २२० मीटर लांब आणि नऊ-दहा फूट रुंद आहे. वसमत तालुक्यातील बहुतेक शिवारांप्रमाणे ती काळ्या, भारी जमिनीतून जाते आणि तिचा शेवटचा तुकडा ओढ्याला लागून आहे. जोराचा पाऊस झाला की ओढ्याचे पाणी वाटेवर चढते आणि ओसरताना वीतभर गाळ मागे ठेवून जाते. त्यानंतर चार-पाच दिवस दुधाच्या किटल्या डोक्यावर, मुलांची दप्तरे खांद्यावर आणि सोयाबीनची पोती जागच्या जागी, अशी आमची कित्येक वर्षे गेली. मुख्यतः या कामासाठी २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही २४ अश्वशक्तीचा, चारही चाकांना ओढ असलेला मिनी ट्रॅक्टर घेतला आणि त्याच्या मागे जोडण्यासाठी ब्लेड, म्हणजे आपल्याकडे ज्याला लेव्हलर म्हणतात ते, बनवून घेतले. तीन पावसाळे वापरल्यानंतर हे साधन कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये आणि ते कसे चालवावे, याबद्दल खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

सर्वांत आधी आमची चूक सांगतो, कारण ती अनेकांची होत असेल. ट्रॅक्टर लहान म्हणून ब्लेडही लहान, असा विचार करून आम्ही पहिले ब्लेड चार फुटी घेतले. ट्रॅक्टरची बाहेरून बाहेर रुंदी साडेतीन फुटांच्या आसपास असल्याने ते पुरेसे आहे, असे विकणाऱ्यानेही सांगितले. सरळ धरल्यावर ते पुरत होते. परंतु गाळ काढताना ब्लेड सरळ धरून चालत नाही. सरळ ब्लेडपुढे गाळ साचत जातो आणि वीस पावलांत ट्रॅक्टरची चाके जागेवर फिरू लागतात. ब्लेड तिरके केले, तरच गाळ एका कडेला सरकत जातो. तीस अंशांनी तिरके केलेले चार फुटी ब्लेड प्रत्यक्षात साडेतीन फुटांपेक्षा थोडे कमीच अंतर साफ करते, त्यामुळे एका बाजूचे मागचे चाक पुढच्या फेरीत पुन्हा गाळातच चालते. पाच फुटी ब्लेड तितकेच तिरके केले तर सुमारे चार फूट चार इंच पट्टा मोकळा होतो आणि दोन्ही चाके साफ जागेवर राहतात. पुढच्या वर्षी ते ब्लेड मोडीत देऊन पाच फुटी करून घेतले, तेव्हा कुठे काम मार्गी लागले.

दुसरी गोष्ट वजनाची. ट्रॅक्टरचे हायड्रोलिक ब्लेड वर उचलते, पण खाली दाबत नाही. खाली ते केवळ स्वतःच्या वजनाने टेकते. त्यामुळे हलके ब्लेड ओल्या गाळावरून तरंगत जाते आणि वाळू लागलेल्या गाळावरून घसरत जाते. आमच्या ब्लेडच्या वरच्या चौकटीला वाळूची दोन पोती बांधण्यासाठी अँगलचा एक साधा साचा वेल्डिंग करून घेतला आहे, आणि गाळ जाड असला की ती पोती चढवतो. मागे वजन वाढले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. म्हणून पुढच्या बाजूला कंपनीची वजने लावणे मला आवश्यक वाटते. मागच्या टायरमध्ये आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे पाणी भरले आहे. त्याने पकड वाढते आणि वजन खाली राहिल्याने उताराच्या कडेला ट्रॅक्टर स्थिर वाटतो.

टायरमधल्या पाण्याचा विषय निघाला तेव्हा कॅनडात असलेल्या माझ्या पुतण्याने सांगितले की तेथे साधे पाणी भरता येत नाही, कारण हिवाळ्यात ते गोठते. तेथे कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण किंवा गोठणविरोधी द्रव भरतात. तो राहतो त्या घराच्या फाटकापासून मोटारीच्या शेडपर्यंतच्या वाटेवरचे बर्फ शेजारचे गृहस्थ अशाच लहान ट्रॅक्टरने आणि अशाच मागच्या ब्लेडने काढतात. त्याने पाठवलेले व्हिडिओ मी अनेकदा पाहिले, आणि त्यांतून दोन गोष्टी शिकलो. पहिली अशी, की पडलेल्या बर्फावर मोटार घालण्याआधी ते ब्लेडने काढतात, कारण चाकाखाली दाबलेल्या बर्फाचा कठीण थर होतो आणि मग ब्लेड त्याच्यावरून नुसते घसरते. दुसरी अशी, की पहिल्याच वेळी बर्फ वाटेच्या कडेपासून बराच लांब ढकलतात, कारण हिवाळा पुढे सरकतो तशी टाकायला जागा उरत नाही. आपल्याकडे बर्फ पाहायला मिळते ते गारपिटीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेल्या गारपिटीनंतर आमच्या अंगणात गारांचा थर फावड्याने ओढावा लागला होता, तेवढाच माझा बर्फाचा अनुभव. तरीही त्या दोन्ही गोष्टी गाळाला जशाच्या तशा लागू पडतात.

हे सविस्तर सांगायला हवे, कारण या साधनाचे यश ट्रॅक्टरच्या ताकदीपेक्षा वेळेवर अधिक अवलंबून आहे. काळ्या मातीतील चिकण भागाचे कण पत्र्यांच्या चळतीसारखे असतात आणि त्या पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते, चिकट होते; पाणी गेले की आक्रसते, भेगाळते आणि दगडासारखी होते. त्यामुळे वाटेवरच्या गाळाच्या तीन अवस्था होतात. पाणी ओसरल्यानंतर लगेच तो ताकासारखा पातळ असतो. त्या वेळी ब्लेड तिरके धरून हलकेच चालवले की तो कडेच्या नालीत वाहून जातो आणि ब्लेडला जवळजवळ चिकटत नाही. दुसऱ्या दिवशी तोच गाळ कणकेसारखा होतो, आणि ही अवस्था सर्वांत वाईट. ब्लेडला, टायरच्या खाचांना, चाकाच्या वरच्या पत्र्याला तो असा धरतो की ट्रॅक्टर उभा करून खुरप्याने खरवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यानंतर ऊन पडले तर दोन-तीन दिवसांत वाफसा येतो, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि कोरडीही नाही अशी होते. तेव्हा माती भुसभुशीत सुटते आणि ब्लेडपुढे ढेकळांच्या रूपात सरकते. हा मोका गेला आणि दरम्यान वाटेवरून बैलगाडी किंवा मोठा ट्रॅक्टर गेला, की चाकोऱ्या पडून वाळतात आणि त्यांवर पाच फुटी ब्लेडचे काही चालत नाही. तिकडे कठीण झालेल्या बर्फावर निदान मीठ टाकता येते. आपल्याकडे वाळलेल्या चाकोरीला पुढच्या पावसाची वाट पाहणे किंवा जेसीबी बोलावणे एवढेच उरते.

म्हणून आमचा नियम असा झाला आहे की पाणी उतरले की ट्रॅक्टर बाहेर काढायचा, रात्र असली तरी दिवे लावून काढायचा. आणि ती वेळ चुकली तर वाफसा येईपर्यंत वाटेवर कोणतेच चाक घालायचे नाही. १ आणि २ सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत हिंगोली, परभणी, नांदेड या तिन्ही जिल्ह्यांत पाणीच पाणी झाले, तेव्हा पाणी उतरल्यावर अर्ध्या तासात वाट मोकळी झाली आणि त्याच संध्याकाळी दूध डेअरीवर पोहोचले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मात्र पाऊस थांबेचना. गाळावर गाळ चढत गेला, मी बाहेरगावी होतो आणि चालवणाऱ्या गड्याने दुसऱ्या अवस्थेत ट्रॅक्टर घातला. तो मला फोनवर म्हणाला, “मालक, ब्लेड दिसंना झालंय, नुसता मातीचा गोळा मागं ओढल्यागत वाटतंय.” त्या दिवशी चार तास डिझेल जाळून ६० मीटरही वाट निघाली नाही. त्यात दोष ट्रॅक्टरचा नव्हता.

चालवण्याची आमची पद्धत अशी आहे. पहिली फेरी मधोमध सुरू करून गाळ उजव्या कडेला, परतीची फेरी दुसऱ्या कडेला, आणि नंतरच्या दोन फेऱ्यांत तो नालीपर्यंत. गिअर सर्वांत खालच्या पट्टीतला, वेग माणसाच्या सावकाश चालीएवढा. हायड्रोलिकचा पोझिशन कंट्रोलचा, म्हणजे ब्लेड ठरवलेल्या उंचीवर धरणारा, लिव्हर वापरायचा, नांगरणीसाठी असलेला ड्राफ्ट कंट्रोलचा नव्हे. नाहीतर ब्लेडवर ताण आला की ते आपोआप वर उचलले जाते आणि वाट लाटांसारखी होते. ब्लेडच्या बाजूच्या साखळ्या घट्ट ठेवाव्यात. उजव्या उचल-दांड्याची फिरकी फिरवून ब्लेडचे एक टोक खाली करता येते. त्याच टोकाने पावसाळ्याआधी नालीही ओढता येते, आणि माझ्या मते या ब्लेडचा हा उपयोग गाळ काढण्याइतकाच मोलाचा आहे. कडेला सरकवलेल्या गाळाची सलग मेर राहू देऊ नये. दर पंधरा-वीस पावलांवर फावड्याने तोंड फोडावे, नाहीतर पुढच्या पावसाचे पाणी वाटेवरच अडते.

ब्लेडने काय होणार नाही, तेही सांगतो. वाटेवर मुरूम नसेल, तर हे साधन घेऊ नये. नुसत्या काळ्या मातीच्या वाटेवर खाली टणक थर नसतो. ब्लेड गाळ काढता काढता वाटच खोल करत जाते आणि दोन पावसाळ्यांत वाटेची चारी होते. आमच्या वाटेवर आधी मुरूम टाकून, दाबून, मधला भाग कडेपेक्षा चार-पाच बोटे उंच ठेवला होता. तरीही पहिल्या वर्षी गाळाबरोबर बराच मुरूम नालीत गेला. त्यावर उपाय म्हणून ब्लेडच्या दोन्ही टोकांना खालून जुन्या कमानपाट्याच्या तुकड्यांचे बूट लावून घेतले. आता धार जमिनीपासून बोटभर वर राहते, थोडा गाळ मागे राहतो, पण मुरूम जागेवर राहतो. राहिलेला पातळ थर वाळून मुरमात मुरतो आणि त्याचा त्रास होत नाही.

तक्रार ब्लेडच्या बनावटीची आहे. ज्या कारखान्यातून ते घेतले, तेथे पाते चांगल्या जाडीचे वापरले होते. मात्र ब्लेड तिरके करण्यासाठी जी फिरती तबकडी असते, तिच्या खिळीला साधे लोखंड वापरले होते. अंगणात भिंतीच्या बाजूचा गाळ काढण्यासाठी ब्लेड उलटे फिरवून ट्रॅक्टर मागे ढकलत असताना ते एका पुरलेल्या दगडाला लागले, खिळी तुटली आणि ब्लेड ट्रॅक्टरला जोडणारी खालची पिनही वाकली. दुरुस्तीसाठी गेलो तर चूक चालवणाऱ्याची आहे असे ऐकावे लागले. चालवणाऱ्याची थोडी चूक होतीच, कारण मागचे ब्लेड ओढण्यासाठी असते आणि उलट ढकलण्याचा मार त्याने फार सोसू नये. पण तबकडीच्या खिळीला चांगले पोलाद न वापरणे हे मला मान्य नाही. घेताना तबकडी, खिळी आणि ब्लेड वरून ट्रॅक्टरला जोडणाऱ्या मनोऱ्याचे वेल्डिंग स्वतः पाहा, आणि धारेची पट्टी वेल्डिंगने नव्हे तर नट-बोल्टने बसवलेली आहे ना, याची खात्री करा. ही पट्टी झिजते. आमच्या पट्टीची एक बाजू झिजल्यावर ती उलटून लावली आहे.

ट्रॅक्टरबद्दल मात्र समाधान आहे. चारही चाकांची ओढ आणि डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकसारखी फिरवणारी सोय) नसेल तर या कामात पडू नये, मग अश्वशक्ती कितीही असो. गाळ काढताना तासाला साधारण दोन लिटर डिझेल लागते आणि वाट वेळेवर काढली तर अर्ध्या तासात होते. आमच्या भागात जेसीबीला तासाला हजार-बाराशे रुपये पडतात, शिवाय पूर येऊन गेला की सर्वांना तो एकाच दिवशी हवा असतो आणि आपला नंबर चौथ्या दिवशी लागतो. केवळ या हिशेबावर पाच-सहा लाखांचा ट्रॅक्टर घेणे परवडणार नाही. आमच्याकडे तो हळदीच्या सऱ्यांत आणि फवारणीला वर्षभर चालतो, म्हणून परवडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे आता घेणाऱ्याला आमच्यापेक्षा कमी पैसे मोजावे लागतील. या वर्गातील पर्यायही वाढले आहेत. महिंद्राची ओजा ही हलक्या ट्रॅक्टरांची मालिका तर बिदरच्या पलीकडे, तेलंगणातील जहिराबादच्या कारखान्यात तयार होते.

एक सावधगिरी. हा ट्रॅक्टर अरुंद आहे आणि ओढ्याची कड पावसाने आतून पोखरलेली असते. कडेपासून निदान एक हात अंतर सोडूनच ब्लेड चालवावे, तेवढा पट्टा फावड्याने काढावा, आणि चिखलगार्डवर दुसऱ्या कोणाला, विशेषतः मुलांना, बसू देऊ नये.

आखाड्यापुढचे हळद वाळवण्याचे सिमेंटचे खळे साफ करण्यासाठी लोखंडी धार उपयोगाची नाही, त्याने सिमेंट खरवडते. तेथे बर्फाच्या देशांत फरशीसाठी वापरतात तशी रबराची धार हवी होती. आम्ही मोंढ्यातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून कन्व्हेअर पट्ट्याचा पाच फुटांचा तुकडा आणला, त्याला धारेच्या पट्टीच्याच मापाची भोके पाडली आणि दोन पट्ट्यांमध्ये दाबून बसवला. गाळाचे पाणी तो पुसल्यासारखे ओढतो, आणि लोखंडी पट्टीच्या जागी तो बसवायला पाना घेऊन दहा मिनिटे लागतात.