न्हावाशेवाला माशाचा कंटेनर अडकतो तेव्हा : आमच्या कस्टम ब्रोकरचा रिव्ह्यू

बेळगावात उद्यमबागेत आमची छोटी कोल्ड रूम आहे, शहरातल्या आणि खानापूर, निपाणी, संकेश्वरच्या हॉटेलांना आम्ही फ्रोजन मासे देतो. एरवी माल गोवा, कारवार, मालवणचा, पण १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर ट्रॉलर बंद, त्या ६१ दिवसांत हॉटेलवाले फिश टिक्का आणि फिश फिंगरला व्हिएतनामचा बासा मासाच मागतात, म्हणून तीन वर्षं झाली मी स्वतःच्या लायसनवर मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात रीफर, म्हणजे फ्रीजवाला कंटेनर मागवतो. कस्टममधनं माल सोडवायला आत्तापर्यंत दोन ब्रोकर झाले. नावं दोघांचीही घालत नाही, पहिल्यांशी हिशोब अजून मिटलेला नाही. रिव्ह्यू दुसऱ्यांचा आहे, पण पहिल्यांचं सांगितल्याशिवाय दुसऱ्यांची किंमत कळणार नाही.

पहिल्या वर्षी कंटेनर ११ दिवस अडकला. कारण ऐकाल तर डोक्याला हात लावाल. मासा आणायचा तर केंद्र सरकारचा सॅनिटरी इम्पोर्ट परमिट लागतो, त्यावर आमचा पत्ता बेळगावी असा होता आणि तिकडच्या हेल्थ सर्टिफिकेटवर बेलगाम. २०१४ ला सरकारी नाव बदललं, पण आमच्या जुन्या लेटरहेडवर जुनंच नाव होतं आणि मी तेच सप्लायरला पाठवलेलं. क्वेरी लागली. त्यात कार्टनवर नॉनव्हेजची खूण नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा लायसन नंबर नाही. या दोन गोष्टी स्टिकर लावून तिथंच दुरुस्त करता येतात, पण ते मला सहाव्या दिवशी कळलं, तेही दुसऱ्या एका इम्पोर्टरकडनं. ब्रोकरला फोन केला की एकच उत्तर, "साहेब, सॅम्पल लॅबला आहे, थांबा." सॅम्पल काढलंच नव्हतं! कागद क्लिअर झाल्याशिवाय सॅम्पल निघत नाही हो. आणि इकडं रीफरला रोजचं लाइटबिल, यार्डाचं भाडं, वर शिपिंग लाइनचे फ्री दिवस संपले की त्यांचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचं भाडं वेगळं. उणे १८ डिग्री राखायचं म्हणजे मीटर एक मिनिट थांबत नाही. त्या जूनमध्ये टिळकवाडीतली दोन हॉटेलं माझ्याकडनं तुटली, त्यातलं एक अजून परत आलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

तपासणीवर माझा राग नाही हे आधीच सांगतो. २०१८ च्या जुलैत गोव्यात मासा टिकवायला फॉर्मलिन हे रसायन लावतात असा गोंधळ झाला, बाहेरच्या राज्यातला मासा १५ दिवस बंद केला होता, तेव्हा इथं बेळगावातसुद्धा गिऱ्हाईक बांगड्याकडं संशयानं बघत होतं. मासा तपासूनच आला पाहिजे. माझी तक्रार तपासणीच्या आधी फुकट गेलेल्या दिवसांबद्दल आहे.

तर हे दुसरे लोक. पहिल्याच फोनला त्यांनी रेट सांगितला नाही, म्हणाले लेबलचा फोटो आणि हेल्थ सर्टिफिकेटचा ड्राफ्ट पाठवा, माल अजून फॅक्टरीत असतानाच. मला वाटलं उगाच लांबवतायत. पण ड्राफ्टवर त्यांनी चार ठिकाणी लाल गोल करून पाठवले, पत्त्याचं स्पेलिंग, फॅक्टरीचा अप्रूव्हल नंबर, बॅच नंबर आणि एक्सपायरीची छपाई. स्टिकरनं काय दुरुस्त होतं आणि काय नाही हे पण नीट समजावलं : आपलं नाव-पत्ता, लोगो-लायसन नंबर, नॉनव्हेज खूण चालते, पण तारीख किंवा बॅच नंबरच नसेल तर माल गेला समजा. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचा आयात मालाचा कागद, जहाज लागायच्या आधीच भरलं. ते भरलं की स्विफ्ट या कस्टमच्या ऑनलाइन खिडकीतनं एफएसएसएआय आणि रोगराई तपासणारं ॲनिमल क्वारंटाइन दोघांकडं एकदमच जातं, मग एकाचं झाल्यावर दुसऱ्याकडं पळायचं काम नाही.

मागच्या वर्षी सप्लायरनं एक लॉट स्वस्तात देतो म्हटलं, एक्सपायरीला चार महिने होते. मी घेणारच होतो. यांनी सरळ नको सांगितलं, कारण क्लिअरन्सच्या वेळी ६० टक्के शेल्फ लाइफ किंवा ३ महिने, यातलं जे कमी असेल तेवढं शिल्लक लागतं, समुद्रातला प्रवास आणि इथली तपासणी धरली तर आम्ही त्याच्या खाली गेलो असतो. तो माल घेतला असता तर त्यांना ब्रोकरेज मिळालंच असतं, तरी अडवलं. तिथं माझा विश्वास बसला.

गेल्या खेपेला कंटेनर पाचव्या दिवशी सुटला, सॅम्पलसकट. रोज संध्याकाळी मेसेज यायचा, काही झालं नसेल तर "आज काही हललं नाही" असासुद्धा. तेवढ्यावर मी हॉटेलवाल्यांना खरा वार सांगू शकलो.

आता कमी काय ते. चार्जेस पहिल्यांपेक्षा बरेच जास्त आहेत आणि बिलात "इतर खर्च" अशी एक ओळ असते, तिची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितली की मात्र देतात. शनिवारी दुपारनंतर फोन लागणं कठीण. रीफर गाडीची सोय त्यांची नाही, ती आपणच बघायची. आमची गाडी पुणे, कोल्हापूर करत पहाटे साडेतीनला कोगनोळी टोलला आली, ड्रायव्हरनं टेंपरेचरचा फोटो पाठवला, उणे १९. मी जागाच होतो.

साडेचार स्टार. अर्धा त्या पावतीसाठी कापलाय. पुढच्या जूनच्या मालाची लेबलं आत्ताच त्यांच्याकडं पाठवलीत, दोन गोल परत आलेत.