तळहातावरचा युरोप : युरोच्या आठ नाण्यांचे परीक्षण

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या एका बेकरीत पाव घेतला आणि परत मिळालेली मोड तळहातावर पसरून पाहिली, तर त्यात फ्रान्सचे एकच नाणे होते. बाकीच्यांवर आयर्लंडची वीणा, जर्मनीचा गरुड, एका इटालियन नाण्यावर दान्तेचा चेहरा आणि ग्रीसच्या एक युरोवर अथेन्सच्या प्राचीन नाण्यावरून उचललेले घुबड होते. १ जानेवारी २००२ रोजी बारा देशांत एकाच वेळी चलनात आलेली ही नाणी वस्तू म्हणून कशी आहेत, याचे हे परीक्षण.

वापराच्या दृष्टीने संच चांगला विचार करून केलेला आहे. दोन युरोचे नाणे ८.५ ग्रॅमचे, दुरंगी आणि हाताला भरीव लागणारे आहे. वीस सेंटच्या कडेला सात खाचा आहेत आणि दोन सेंटच्या कडेभोवती एक चर फिरते, त्यामुळे दृष्टिहीन माणसालाही ती बोटांनी ओळखता येतात. पन्नास सेंटचे नाणे एक युरोपेक्षा आकाराने मोठे का, याचा उलगडा मात्र मला अजून झालेला नाही. घाईत हाताला हमखास तेच लागते. एक आणि दोन सेंटच्या तांबड्या चिल्लरीविषयी न लिहिलेलेच बरे. फिनलंडने पहिल्या दिवसापासून रोखीचे बिल पाच सेंटांच्या पटीत करून त्यांना दूर ठेवले, आणि त्यात काही चुकले असे वाटत नाही.

या मालाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या दोन बाजूंत आहे. किंमत असलेली बाजू सगळ्या देशांत सारखी. ती बेल्जियमच्या टांकसाळीतल्या एका आरेखकाने काढली. दुसरी बाजू ज्या देशाने नाणे पाडले त्याची स्वतःची. दोन्ही मिळूनच नाणे होते आणि आयर्लंडची वीणा फ्रान्समधल्या बेकरीत बिनतक्रार चालते. नोटांच्या बाबतीत हे धैर्य दाखवले गेले नाही. तिथे कोणाला वाईट वाटू नये म्हणून कुठेच नसलेल्या पुलांची आणि दारा-खिडक्यांची चित्रे छापली गेली. गंमत अशी की नेदरलँड्समधल्या स्पायकेनिसे या गावाने ते सातही काल्पनिक पूल पुढे खरोखरच बांधून घेतले. कोणाचेच नसलेले पूल अखेर एका गावाचे झाले.

नाण्यांवर मात्र जो तो आपले काहीतरी घेऊन आला आहे. ग्रीसने सेंटला ‘लेप्ता’ हेच जुने नाव कोरले. क्रोएशियाने २०२३ मध्ये आपले ‘कुना’ हे चलन सोडले आणि ज्या प्राण्यावरून त्या चलनाला नाव पडले होते तोच प्राणी एक युरोच्या नाण्यावर आणून बसवला. जर्मन नाण्यावर सालाजवळ एक बारीक अक्षर असते, त्यासाठी भिंग घ्यावे लागले तरी जरूर पाहावे: ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरूह, जे हाम्बुर्ग. पाच टांकसाळी आजही आपापली खूण उमटवतात. त्यातच २००६ पासून दोन युरोच्या स्मारक नाण्यांवर एकेका जर्मन राज्याची वास्तू येऊ लागली; पहिला मान ल्युबेकच्या वेशीला मिळाला. तिच्याखाली श्लेसविग-होल्श्टाइन हे राज्याचे नाव कोरलेले आहे. बेल्जियमची तऱ्हा नेमकी उलटी. फ्रँकच्या काळात तिथे फ्रेंच आणि डच अशी दोन्ही भाषांतली नाणी वेगवेगळी पाडावी लागत. आता राजाचा चेहरा आणि ‘बीई’ ही देशाची आद्याक्षरे एवढ्यावर दोन्ही भाषकांचे भागते. माझ्या मते या संचातली ही सर्वांत हुशार तडजोड आहे, मग नाणे दिसायला कितीही नीरस असो.

भांडणे झाली तीही याच दुसऱ्या बाजूवरून. स्लोव्हेनियाने २००७ च्या दोन सेंटवर ‘राजपुत्राची शिळा’ (मध्ययुगात राजपुत्रांच्या सत्ताग्रहणाच्या विधीत वापरला जाणारा दगड) घेतली तेव्हा ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतात गदारोळ झाला, कारण ती शिळा आहे त्याच प्रांताच्या राजधानीत, क्लागेनफुर्टमध्ये. स्लोव्हेनिया मागे हटला नाही. स्लोव्हाकियाच्या २०१३ च्या नाण्यावरील सिरिल आणि मेथोडियस या संतांची प्रभावळ काढावी असा आक्षेप आला, पण नाणे अखेर प्रभावळीसह निघाले. वॉटर्लूचा किस्सा तर सर्वांत चविष्ट आहे. लढाईला दोनशे वर्षे झाली म्हणून बेल्जियम २०१५ मध्ये दोन युरोचे नाणे काढणार होता. नेपोलियनचा पराभव फ्रेंच खिशांतून फिरावा हे फ्रान्सला पटले नाही, आणि बेल्जियमने माघार घेतली. मग त्याने अडीच युरोचे नाणे काढले! नेहमीच्या किमतीच्या नाण्यावरील चित्राला इतर देश हरकत घेऊ शकतात; अशा वेगळ्या किमतीच्या नाण्याला त्यांची संमती लागत नाही. ते चालतेही फक्त काढणाऱ्या देशात.

सामाईक बाजूही दिसते तितकी निरुपद्रवी नाही. सुरुवातीच्या मोठ्या नाण्यांवर युरोपीय संघाच्या तेव्हाच्या पंधरा सदस्य देशांचाच नकाशा होता. संघ वाढल्यावर २००७ पासून सीमारेषा नसलेला युरोप आला. त्या नकाशात सायप्रसला बसवण्यासाठी ते बेट आपल्या जागेवरून बरेच पश्चिमेला ओढून घ्यावे लागले. नकाशात नसण्यापेक्षा चुकीच्या जागी असणे बरे, असा हिशेब झाला असावा.

संग्रहासाठी घेणाऱ्यांनी टांकसाळीतून आलेला चकचकीत, डबीबंद संच टाळावा असे मी सुचवेन. त्यात एकाच देशाची आठ नाणी असतात, आणि या मालाची मजा तर सरमिसळीत आहे. त्यापेक्षा सुट्टे घेताना तळहात नीट पाहावा. १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियाही यात आला आहे. त्याच्या नाण्यांवर सिरिलिक लिपीत सेंटच्या जागी ‘स्तोतिन्की’ लिहिलेले आहे आणि दोन युरोच्या कडेवर बल्गेरियाच्या रक्षणासाठी देवाची प्रार्थना आहे. ते नाणे माझ्या हाती अजून लागलेले नाही.