चागासमधलं आतडं अभ्यासायचंय, तर प्राणी कोणता?

चागास म्हणजे ट्रिपॅनोसोमा क्रुझी या परजीवी जंतूमुळे होणारा आजार. कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात तो शोधला. नाव घेतलं की आधी हृदयच आठवतं, पण मध्य ब्राझीलमधल्या सर्जनांना त्याचं दुसरं रूपही रोजचं आहे: फुगून सैल पडलेली अन्ननलिका, नाहीतर मोठं आतडं. आतड्याच्या स्नायूंमधल्या चेतापेशी मरतात, मळ पुढे सरकत नाही. माणसात हे दिसायला दहा-वीस वर्षं जातात. प्रयोगशाळेत एवढा वेळ कुणाकडे असतो?

माझं मत सरळ आहे. जंतूमुळे चेतापेशी कशा मरतात हा प्रश्न असेल, तर सी३एच या प्रयोगशाळेतल्या जातीचा माऊस (छोटा उंदीर) घ्या. लंडनच्या एका गटाने ट्रिपॅनोसोमा क्रुझीत चमकणारं प्रथिन घालून दाखवलं, की जुन्या लागणीत रक्तात जंतू सापडत नसले तरी मोठ्या आतड्यात ते दबा धरून असतात. तोच माऊस पुन्हा पुन्हा कॅमेऱ्याखाली ठेवता येतो, त्यामुळे प्राणीही कमी लागतात. पचनाची गती मोजणंही सोपं: कार्मिनचा लाल रंग तोंडावाटे पाजायचा आणि पहिली लाल लेंडी पडेपर्यंत घड्याळ बघत बसायचं. शेवटी आतड्याचा स्नायूथर सोलून काचेवर पसरला की चेतापेशी मोजता येतात.

खोट एकच, पण मोठी: माणसात दिसतं तसं अवाढव्य आतडं इथे मिळेलच असं नाही. शिवाय जंतूचा वाण जपून निवडा; या जंतूचे आनुवंशिक गट आहेत, त्यांना टीसी-१, टीसी-२ अशी नावं आहेत. गंमत म्हणजे सी३एचमध्ये बद्धकोष्ठता घडवणारा जेआर हा वाण टीसी-१ गटातला, आणि माणसात पचनाचा त्रास मुख्यतः टीसी-२, ५ आणि ६ या गटांशी जोडला जातो.

प्रश्न शस्त्रक्रियेचा किंवा टाक्यांचा असेल तर जंतूच नको. रॅटच्या (मोठ्या उंदराच्या) आतड्याला बाहेरून बेंझाल्कोनियम क्लोराइड हे रसायन लावलं की तेवढ्या भागातल्या चेतापेशी मरतात. लागण नाही, दाह जंतूचा नाही. म्हणूनच जंतू मारणाऱ्या औषधाच्या चाचणीला हे मॉडेल निरुपयोगी.

हॅमस्टर हृदयासाठी बरा, पण त्याच्या पेशी-प्रथिनं ओळखायला लागणाऱ्या तयार अँटिबॉडी माऊसइतक्या मिळत नाहीत. कुत्र्यातही दुखणं मुख्यतः हृदयाचंच. खर्च आणि नैतिक समितीची परवानगी बघता निव्वळ आतड्यासाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

माऊसच ठरला, तर कार्मिनची चाचणी दर वेळी दिवसाच्या एकाच वेळेला घ्या, आणि लागण नसलेले त्याच वयाचे माऊस शेवटपर्यंत सोबत ठेवा. वयानेही आतडं मंदावतं.