"एक्सेल आहे ना?" एवढंच विचारून चालत नाही

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर १६ ला आमचं छापील खोक्यांचं छोटं युनिट आहे. हिशेब, चलनं, कोटेशन सगळं माझ्या गळ्यात. ओळखीतल्या एका डीलरने मायक्रोसॉफ्ट ३६५ चा (मेल, वर्ड, एक्सेल वगैरे एकत्र) बिझनेस बेसिक प्लॅन दिला, ११ लायसन्स, वर्षभराची. मी तीनदा विचारलं, "एक्सेल आहे ना?" "आहे हो मॅडम, सगळं आहे."

खोटं नाही बोलला. आहे, पण ब्राउझरमधलं आणि मोबाइलवरचं. कॉम्प्युटरवर टाकायचं वर्ड-एक्सेल बेसिकमध्ये येत नाही, ते त्याच्या वरच्या बिझनेस स्टँडर्ड प्लॅनपासून पुढे. आणि आमचं कोटेशन भाच्याने कधीकाळी लिहून दिलेल्या मॅक्रोवर, म्हणजे एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रामवर चालतं: बोर्डचा जीएसएम (पुठ्ठ्याचं वजन), साइज, नग टाका, दर तयार. ब्राउझरमध्ये फाइल उघडते, मॅक्रो हलत नाही. सोमवारी सकाळी पार्टी फोनवर, आणि मी कॅल्क्युलेटर बडवतेय.

डीलर म्हणाला, अकराच्या अकरा स्टँडर्ड करा. कशाला? एकाच ऑफिसात वेगवेगळे प्लॅन चालतात. आम्ही फक्त ३ बदलले: मी, कोटेशनवाला, डिझायनर. मशीनवरच्या पोरांना मेल, टीम्स (चॅट आणि मीटिंगचं ॲप) आणि फाइली ऑनलाइन ठेवायला १ टीबी वनड्राइव्ह बेसिकमध्येही मिळतंच. मात्र वर्षाचा करार असेल तर पहिले ७ दिवस गेल्यावर लायसन्स कमी करता येत नाहीत. माणूस सोडून गेला तर त्याचं दुसऱ्याला द्या, बस.

मग डिझायनरचं टीम्स उघडेना. डीलर म्हणे, वेगळं विकत घ्यावं लागेल. टीम्स नसलेले प्लॅनही विकले जातात, म्हणून मी घाबरले. शेवटी ॲडमिन सेंटरमध्ये, म्हणजे सगळ्यांची खाती सांभाळायच्या वेबसाइटवर, डिझायनरच्या नावावर क्लिक करून 'लायसेन्सेस अँड ॲप्स' उघडलं. तिथे त्या लायसन्समधल्या एकेका सेवेपुढे चौकोन असतो. टीम्सची खूण काढलेली होती! लावली, थोड्या वेळाने सुरू. हे पान मला कुणी पहिल्या दिवशी दाखवलं असतं तर निम्मी डोकेदुखी टळली असती.

सॉफ्टवेअरला ५ पैकी ४. डीलरला २, तेही फोन उचलतो म्हणून. परवा त्याने कोपायलटचं (मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस) कोटेशन पाठवलं, "मॅडम, प्लॅनमध्येच येतं, थोडा फरक भरा." कोपायलटचं लायसन्स प्लॅनच्या वर वेगळं घ्यावं लागतं. कोणाला, कितीला आणि त्यात नेमकं काय, हे लेखी मागितलंय. अजून निळी टिक आलेली नाही.