मामांचा संग्रह, शेतातला हंडा आणि १९३९ चा रुपया

मला विकलेल्या लॉटमधलं एकच नाणं अस्सल होतं, आणि सगळ्यात मोठी हातचलाखी नेमकी त्याच्यावरच केलेली होती. जुन्या नाण्यांचा नाद नुकताच लागलेल्यांसाठी हे सविस्तर लिहितोय. मला फसवणारा विक्रेता अजून धंद्यात आहे आणि नवखं गिऱ्हाईकच शोधत असतो.

सुरुवात त्याने सरळ व्यवहाराने केली. ओळख ऑनलाइन झाली. "दादा, मामा वारले, त्यांचा संग्रह आहे, घरात कुणाला त्याची किंमत नाही," असं सांगून त्याने आधी दोन दुदांडी शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) विकल्या. भाव रास्त होता, नाणी खरी होती; नंतर जाणकाराला दाखवली तेव्हाही ती खरीच निघाली. मागच्या बाजूला दोन आडव्या रेघा असलेली ही शिवराई पेशवाईत भरपूर पाडली गेली. ती आजही सहज मिळते, त्यामुळे तिची नक्कल करून कुणाला फार काही सुटत नाही. पण पहिला माल खरा निघाला की पुढच्या मालाकडे आपण निराळ्या नजरेने बघतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग लॉट आला. 'राज्याभिषेकाच्या काळातल्या' तीन शिवराया, ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं रामदरबार नाणं, सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया आणि वर एक होन (शिवकालीन सोन्याचं नाणं). होनाबद्दल तो आपणहून म्हणाला, "हा खरा नाही बरं का दादा, मामांनी हौसेने बनवून घेतलेला आहे, असाच देतो." खरे होन इतके कमी उरलेत की कुणी तसा दावा केला तर नवखाही दचकेल. एक नकली वस्तू नकली म्हणून सांगितली की बाकीच्या पाचांवर प्रामाणिकपणाचा शिक्का आपोआप बसतो. या युक्तीला मी अजूनही मनातल्या मनात दाद देतो, शिव्या घालता घालता.

१९३९ चा रुपया का, तर तो सहाव्या जॉर्जच्या रुपयांमधला सर्वांत दुर्मिळ. १९३८ चा रुपया भरपूर मिळतो. १९४० पासून चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली. मधल्या १९३९ चे रुपये फारच थोडे उरले, त्यामुळे किंमत कितीतरी पट. मी वजन केलं: ११.६६ ग्रॅम, अगदी बरोबर. चुंबकाला चिकटला नाही. टिचकी मारली तर चांदीचा लांब नाद आला. इंटरनेटवर नवख्यांना सांगतात त्या सगळ्या परीक्षा तो पास झाला, आणि होणारच, कारण तो खरा चांदीचा रुपया होता. फक्त १९३८ चा. शेवटच्या ८ मधला थोडा भाग कोरून काढून त्याचा ९ केलेला.

हे दाखवलं ते पंचवीस-तीस वर्षं नाणी जमवणाऱ्या एका काकांनी. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली त्यांनी रुपया तिरपा धरला आणि म्हणाले, "आकडा बघू नकोस, आकड्याभोवतीची जमीन बघ." तीन आणि पहिल्या नऊभोवतीची पार्श्वभूमी सपाट, एकसारखी झिजलेली. शेवटच्या आकड्याच्या कडेला मात्र बारीक ओरखडे होते आणि तिथली चकाकीही वेगळी. एकदा दिसल्यावर ते न दिसणं अशक्य होतं. वजनकाटा धातूबद्दल सांगतो, सालाबद्दल नाही. किंमत जिथे सालामुळे ठरते तिथे भिंगाला पर्याय नाही. ज्याला भिंग वापरता येत नाही त्याने असं नाणं फोटोवरून घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवरायांचं काम त्यामानाने ढिसाळ होतं. शिवराई हाताने ठोकून पाडलेली असते. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही पूर्ण अक्षरं एकाच नाण्यावर क्वचितच मावतात. कुठे 'श्री' कापली जाते, कुठे 'व' कडेबाहेर जातो. माझ्या तिन्ही नाण्यांवर पूर्ण मजकूर, बरोबर मध्यभागी. हे एकवेळ नशीब म्हणता आलं असतं. पण तिन्हींच्या कडेला एकाच जागी, त्याच आकाराची खाच होती! ठोकलेल्या दोन नाण्यांना वापरात पडलेली खाच सारखी असू शकत नाही; ती सारखी असेल तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली आहेत. हिरवट थर अॅसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून निघाला. जमिनीत शतकानुशतकं मुरलेला थर असा निघत नाही, रंग निघतो.

या शिवराया कुठून आल्या, असं मी विकत घेण्याआधी विचारलं होतं. तेव्हा मामांच्या संग्रहाची गोष्ट अचानक मामांच्या शेतावर गेली: नांगरताना हंडा लागला, गावात बोभाटा नको म्हणून कुणाला सांगितलं नाही. हंड्याची गोष्ट ऐकली की तिथून उठावं. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. म्हणजे हंडा खरा असेल तर ती खरेदी कायद्याच्या कचाट्यात, आणि खोटा असेल तर नाणी खोटी. खरेदीदाराच्या फायद्याची अशी यातली एकही शक्यता नाही. 'कुणाला सांगू नका' ही अटही त्याच्याच सोयीची, कारण मग आपण नाणं जाणकाराला दाखवायला नेत नाही.

रामदरबाराबद्दल थोडक्यात. कंपनीने सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखी नाणी पाडायला १८३५ मध्ये सुरुवात केली. राम, सीता, हनुमान आणि इंग्रजीत 'वन आणा १८१८' असं नाणं कंपनीने कधीच चलनात आणलं नाही. एक आण्याचं नाणं आलं तेच मुळी सातव्या एडवर्डच्या काळात, तेही तांबं-निकेलचं. हे तुकडे देव्हाऱ्यात ठेवायला बनवलेले असतात. कुणी ते चमत्काराने तांदूळ स्वतःकडे ओढतात म्हणून लाखांना विकतो, तर कुणी, माझ्यासारख्यांना, इतिहास म्हणून. तांदूळवाल्यांच्या भानगडी पोलिसांत नेहमी जातात. इतिहासवाले बहुधा सुटतात.

मी पैसे परत मागितले. आधी "सर, तुम्हीच बदलली असतील," (दादाचा सर झाला तेव्हाच समजलो) आणि मग नंबर ब्लॉक.

इथे गोष्ट संपेल असं वाटलं होतं. काही आठवड्यांनी दुसऱ्याच नंबरवरून फोन आला. तुमच्याकडे १९३९ चा रुपया आहे ना, आमच्याकडे मोठं गिऱ्हाईक आहे, फक्त रिझर्व्ह बँकेत नोंदणी करावी लागेल, त्याचं शुल्क आणि कर आधी भरा. सोबत बँकेच्या बोधचिन्हाचं पत्र. माझ्याकडे तो रुपया आहे हे घरचे, काका आणि विकणारा यांनाच माहीत होतं. म्हणजे एकदा फसलेल्याचं नाव त्याच टोळीच्या दुसऱ्या वहीत चढतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती असं शुल्क किंवा कमिशन कुणाकडून घेत नाही. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट किंवा वैष्णोदेवीचं नाणं लाखांना घेऊ म्हणणाऱ्या जाहिरातींचा शेवटही याच शुल्कावर होतो.

मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पण उशिरा. तोवर विकणाऱ्याच्या खात्यातले पैसे पुढे गेले होते. पैसे पाठवल्यावर काही तासांत कळवलं तर ते वाटेत गोठवता येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून शंका आली की आधी तो फोन करा, विकणाऱ्याशी वाद नंतर. व्यवहाराचा क्रमांक, चॅट आणि नाण्यांचे फोटो पुसू नका. तक्रार नोंदवताना तेच मागतात.

लॉटचा फोटो अजून फिरतोय, वेगळ्या नावाने. निळं मखमली कापड, मधे होन, डावीकडे तीन शिवराया, आणि तिन्हींच्या उजव्या कडेला 'शिव'च्या बरोबर समोर ती खाच. फोटो मोठा करून बघितला तर स्पष्ट दिसते.